बाटली आडवी का ठेवायची

पलीकडच्या मामी सहा महिने कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला लेकाकडं होत्या. जुलैत एका रविवारी त्यांनी इथं जावेला फोन लावला. जावेनं विचारलं, पोरगं काय करायलंय? मामी म्हणाल्या, "काय करायलंय, सुट्टी हाय, नवरा-बायको गाळत बसलेत." संपलं. जाऊ ते गिरणीवर बोलली, गिरणीवरून ते किराणा दुकानावर गेलं, आणि आठवडी बाजारापर्यंत मामींच्या पोरानं अमेरिकेत हातभट्टी लावल्याचं अख्ख्या राणीसावरगावला ठाऊक झालं. कुणी म्हणे नोकरी गेली म्हणून लावली. कुणी म्हणे सुनेच्या माहेरचाच धंदा. नवरात्रात रेणुकेच्या देवळात माझ्यापुढं रांगेत उभ्या असलेल्या बाईनं तर पोलीस येऊन गेल्याचंही सांगितलं. तेही अमेरिकेतले.

मामी डिसेंबरात परत आल्या. आमच्या दोघींच्या परसात कंबरेएवढी भिंत आहे. थंडीत नऊच्या सुमाराला तिच्यावर ऊन येतं आणि उन्हामागोमाग आम्ही. मी तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन गेले होते, सोले काढायचे होते. मामींनी पलीकडून टोपलीत हात घातला आणि पहिलं वाक्य तेच.

"बाई, खरं सांगा. तुमच्या कानावर काय आलं?"

"भट्टी."

"कप्पाळ माझं! अहो गाळायले म्हणजे फडक्यानं गाळायले. चहा गाळतोत तसं."

आता यात चूक मामींची नाही, शब्दाची आहे. आपल्याकडं दारू 'गाळतात' ती वेगळी. आंबवलेलं तापवायचं, त्याची वाफ धरायची, गार करायची, थेंब थेंब उतरवायची. शाळेत मी पोरांना त्यालाच ऊर्ध्वपातन म्हणून शिकवलं. मामींच्या लेकानं केली ती वाइन. तिला चूल लागत नाही. फळाचा गर, साखर, यीस्ट आणि थांबण्याची तयारी, एवढ्यावर होते. शेवटची गोष्ट बाजारात मिळत नाही, म्हणून बहुतेकांचं तिथंच बिघडतं, हे मामींचं मत.

"पण मामी, ती प्यायची म्हणजे डोळे जातात की लोकांचे."

"मी बी तेच म्हणले पोराला."

पोरानं त्यांना नीट समजावून सांगितलं होतं, आणि मामींनी ते तसंच्या तसं मला सांगितलं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं. कारखान्यात वापरतात ते. फळ आंबवताना सालीतल्या पेक्टिनपासून मिथेनॉल होतं, नाही असं नाही, पण ते इतकं थोडं असतं की त्यानं डोळे जात नाहीत. खरा धोका असतो तो बाहेरचं मिथेनॉल मिसळणाऱ्यांचा, आणि आंबवलेलं तापवून उतरवायचा उद्योग घरी करणाऱ्यांचा. त्याला तर अमेरिकेतही घरी परवानगी नाही. मात्र वाइनला आहे. घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. एकटा असला तर त्याच्या निम्मी. फक्त विकायची नाही.

"आन् आपल्याकडं?"

हे मला माहीत होतं. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. मूळचा मुंबईचा, आता महाराष्ट्राच्या नावानं. परवाना नसताना मद्य तयार करणं हा त्यात गुन्हा आहे, मग ते विकायला असो की स्वतःच्या घशात घालायला. वाइनही त्यातच येते. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर टीव्हीवर महिनाभर कालवा चालला होता. कायद्याच्या पुस्तकात तो प्रश्नच नाही. त्यामुळं मामींनी जे सांगितलं ते मी ऐकलं आणि इथं लिहिलं. राणीसावरगावात ते करून बघा असं मी कुणाला म्हणत नाही.

मामी माळकरी. सुरुवातीला दोन दिवस त्यांनी गॅरेजचं तोंड पाहिलं नाही. मग पोरानं विचारलं, "आई, आज्जी जेवल्यावर झाकणभर द्राक्षासव घ्यायची, ते काय होतं?" त्या बाटलीवर आत आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचा आकडा छापलेला असतो, आणि तो आकडा बियरच्या बाटलीवरच्या आकड्यापेक्षा कमी नसतो. द्राक्षासवात धायटीची फुलं घालतात ती त्या आंबवण्यासाठीच. मामी गप्प झाल्या. पिणार नाही म्हणाल्या, बघायला काय हरकत आहे. आणि एकदा बघायला लागल्यावर मामी नुसत्या बघत बसणाऱ्यातल्या नाहीत.

पोराच्या परसात आलूबुखाराचं झाड आहे. सांता रोझा जात. लूथर बरबँक नावाच्या माणसानं तिकडंच सांता रोझा गावात ती तयार केली, १९०६ च्या सुमाराला बाजारात आणली. वरून जांभळी, आत पिवळसर-तांबूस, सालीजवळ आंबट. जूनअखेर सगळं झाड एकदम पिकतं. आपल्याकडं जांभळाचं होतं तेच. खाऊन खाऊन किती खाणार, वाटून वाटून किती वाटणार, खाली सडा.

"दहा किलो निवडले मी. डागी एक बी घेतला न्हाई. पोरगं म्हणलं, सडकं कुठं तरी खपवायचं म्हणून वाइन करायची न्हाई. बिया काढल्या. बी फुटू द्यायची न्हाई, आतलं कडू असतंय, ते बरं नसतंय."

मग बादली. खाण्याच्या वस्तूंसाठीची प्लास्टिकची, नवी. इथं मामींचं आणि सुनेचं पहिलं वाजलं. मामींनी बादली घासून, धुऊन, उन्हात वाळवून आणली. सून म्हणाली, आई, ही स्वच्छ झाली, निर्जंतुक नाही झाली. मामींना ते लागलं. पण रात्री विचार केल्यावर पटलं, कारण लोणच्याची बरणी आपण तरी नुसती धुऊन कुठं वापरतो? धुतो, वाळवतो, वर हिंगाची धुरी देतो. बरणी निखाऱ्यावर पालथी धरायची, धूर आत कोंडायचा. युरोपात वाइनच्या लाकडी पिंपांना गंधकाची वात जाळून धुरी द्यायची चाल जुनी आहे. आता तेच काम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट करतं. आपल्याकडं बचत गटाच्या बायका स्क्वॅशात 'केएमएस' म्हणून घालतात ना, तेच. पोराकडं त्याच्या गोळ्या होत्या. गॅलनला एक, चुरून. पाणी घालून पाच गॅलन झालं, म्हणून पाच. ती घातल्यावर एक दिवस काहीच करायचं नाही, नाहीतर नंतर घातलेलं यीस्टही त्यातच मरतं. दम्याच्या माणसाला या गंधकाचा त्रास होऊ शकतो, म्हणून ज्याला द्यायची त्याला आधी सांगायचं.

"आन् पितळंचं, तांब्याचं, जर्मनचं काहीच लावू दिलं न्हाई मला. म्या म्हणले, हे मला सांगू नको. बिनकल्हईच्या पातेल्यात ताक कळकतंय हे माझ्या सासूनं मला शिकीवलंय."

मी हसले. रसायनशास्त्र तेच आहे.

गरात साखर घातली साडेतीन किलोच्या आसपास. 'आसपास' म्हणायचं कारण आलूबुखार दर वर्षी सारखाच गोड नसतो. मोजून घालावी लागते, आणि मोजायची ती काचेच्या नळीनं. मामींनी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा त्या म्हणाल्या, अरे हे तर डेअरीवरचं लॅक्टोमीटर! आणि खरंच तो त्याचा भाऊच. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर खोल बुडतं, कारण दूध हलकं झालेलं असतं. इथं रस गोड असला की नळी वर तरंगते, साखर संपत जाईल तशी बुडत जाते. सुरुवातीला १.०८८ दाखवत होती. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. मामींनी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला, दुधाचा खाडा लिहितात तिथंच.

यीस्ट पाच ग्रॅमचं पाकीट. कोमट पाण्यात भिजवून घातलं. पावाचं नाही, वाइनचं वेगळं मिळतं. पावाचं लवकर दमतं.

दुसऱ्या दिवशी बादली जिवंत झाली. वर सालींचा जाड थर चढला, त्याला ते लोक टोपी म्हणतात. ती दिवसातून दोनदा लांब दांड्याच्या चमच्यानं खाली दाबायची. वर तशीच राहिली तर कोरडी पडते आणि तिच्यावर बुरशी धरते. हे काम मामींनी स्वतःकडं घेतलं. सकाळी तुळशीला पाणी घातलं की टोपी, संध्याकाळी दिवा लावला की टोपी. वर पातळ कापड घट्ट बांधलेलं, कारण चिलटं. आंबलेल्या फळाचा वास चिलटाला कुठून लागतो देव जाणे. एक चिलट आत पडलं की ते शिरक्याचे जंतू पायाला घेऊन येतं. हवा मिळाली की त्या जंतूंपुढं वाइनचं काही चालत नाही, तिचा शिरका होतो. शिरक्यानं कुणी मरत नाही, कोशिंबिरीला चालतो, पण मग एवढी उठाठेव कशाला? बुरशी धरली तर मात्र वरवर काढून वापरायची नाही, सगळं ओतून द्यायचं. मामींना ओतून द्यायचं हे काही पटलेलं नव्हतं. सुदैवानं वेळ आली नाही.

"एक गोष्ट लई चांगली केली पोरानं," मामी म्हणाल्या. "गॅरेजची खिडकी महिनाभर लावली न्हाई. म्या म्हणले, कामून रे, चोर येईल. तर म्हणला, आई, पेव आठीव."

पेव! मला माझ्या आजोळचं पेव आठवलं. हल्ली पोरांना पेव म्हणजे काय ते सांगावं लागतं. जमिनीत खोल खणलेलं, वर तोंड निमुळतं, आत ज्वारी. वर्षभरानं उघडलं की कुणी उडी मारून आत उतरायचं नाही. आधी दोरीला दिवा बांधून सोडायचा. दिवा विझला तर पेव अजून 'मोकळं' झालेलं नाही. कोंडलेल्या धान्याचाही श्वास चालू असतो आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड सगळा आतच साठतो. दिव्याला जुमानलं नाही म्हणून माणसं पेवातच राहिल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. यीस्ट साखर खाऊन निम्मं अल्कोहोल करतं, निम्मा तोच वायू सोडतं. एक किलो साखरेमागं अडीचशे लिटरच्या वर. हवेशीर खोलीत त्याचं काही वाटत नाही. पण बंद कोठीत, पलंगाखाली, माणसं झोपतात तिथं आठ-दहा बादल्या लावायच्या नाहीत. हा हिशेब मला मामींनी सांगितला नाही, मी नंतर वहीवर केला. शिक्षकी हाडातली जात नाही.

सहाव्या दिवशी ते गाळणं. ज्यानं गाव पेटलं ते. सुती फडक्यातून चोथा पिळला आणि रस काचेच्या मोठ्या बुधल्यात भरला. बुधल्याच्या तोंडाला बूच, बुचात एक वाकडी नळी, नळीत दोन बोटं पाणी. आतला वायू पाण्यातून बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. सांगण्यासारखी युक्ती. मामींची खोली गॅरेजला लागून. पहिली रात्र त्यांना झोप नाही. बुडुक... बुडुक... नळ गळायलाय समजून त्या दोनदा उठून न्हाणीघरात जाऊन आल्या. मग सवय झाली. तीन आठवड्यांनी आवाज थांबला तेव्हा पुन्हा झोप गेली.

"मग आवाज थांबला की भरायची बाटलीत?"

मामींनी हातातली शेंग टोपलीत टाकली आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच चिलट.

"बाई, तुमच्या माळवदाला डाग कशाचा हाय?"

आता हे सांगणं आलं. गेल्या जूनमध्ये मळ्यातून दोन घमेली जांभळं आली होती. मी रस काढला, साखर घातली, एक उकळी दिली की नाही दिली, आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून फळीवर ठेवला. फ्रीजमध्ये जागा नव्हती. आमच्या जूनचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पाऊस लांबला की चाळिशीला टेकलेलं असतं. चौथ्या दिवशी बाटल्या टम्म फुगल्या होत्या. मला वाटलं, उन्हानं. पाचव्या दिवशी दुपारी वामकुक्षीत असताना आवाज झाला. हे ओसरीवरून धावत आले, त्यांना सिलिंडर गेला वाटला. एक झाकण तुळईला लागून परत आलं होतं आणि अख्खं माळवद जांभळं. लाकडी तुळईत तो रंग जो मुरला, तो चुना देऊनही जात नाही. पाहुणे आले की वर बघतात आणि विचारत नाहीत.

"प्लास्टिकची होती म्हणून झाकणावर निभावलं," मामी म्हणाल्या. "काचंची असती तर?"

तेच तर. मी न कळत आंबवलं होतं, आणि वर घट्ट झाकण लावलं होतं. फळाच्या सालीवर रानटी यीस्ट असतंच, त्याला कुणी बोलवावं लागत नाही. साखर होती, ऊब होती, तोंड बंद होतं. बुडबुड थांबले याचा अर्थ साखर संपली असा नसतो, हे मामींनी सहा महिन्यांत शिकून आणलेलं सगळ्यांत मोठं ज्ञान. गारठा पडला तरी यीस्ट झोपतं. बूच सैल असलं तरी बुडबुड दिसत नाही. ऊब आली की झोपलेलं उठतं, आणि तेव्हा तुम्ही बाटली बंद करून बसलेले असता. लिटरमागं चार ग्रॅम साखर उरली, म्हणजे एक लहान चमचा, तरी बाटलीत एका वातावरणाइतका दाब वाढतो. शँपेनवाले हे मुद्दाम करतात. लिटरला चोवीस ग्रॅमच्या आसपास साखर घालून बाटली बंद करतात आणि आत सहा वातावरणं दाब तयार होतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ तिप्पट. पण त्यांची बाटली जाड काचेची, बुडाला खोल खळगा असलेली, बूच तारेनं बांधलेलं. साध्या बाटलीत हे झालं तर ती बाटली राहत नाही, बॉम्ब होतो. काच डोळ्यात जाते. वाइन करताना डोळे जाण्याची खरी भीती ही आहे, मिथेनॉलची नव्हे.

म्हणून आवाजावर जायचं नाही, मोजायच्या नळीवर जायचं. नळी ०.९९४ दाखवायला लागली, म्हणजे पाण्यापेक्षाही हलकी, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. म्हणजे बारा टक्क्यांच्या आसपास झालं. तरी त्याच दिवशी भरायची नाही. तीन दिवसांनी पुन्हा बघायचं, आणखी तीन दिवसांनी पुन्हा. आकडा हलला नाही तर साखर संपली. मामींच्या कॅलेंडरवर ऑगस्टात तीन वेळा ०.९९४ लिहिलेलं आहे. पोरगं म्हणालं, झालं आई. मामी म्हणाल्या, चौथ्यांदा बघ. आणि गोड हवी म्हणून शेवटी वरून साखर घालायचा मोह झाला तर आवरायचा. नवख्यानं ती प्यायच्या वेळी पेल्यात घालावी. बाटलीत घातली की यीस्टला पुन्हा जेवायला वाढल्यासारखं होतं.

तरीही भरली नाहीच. खाली गाळ बसतो, मेलेल्या यीस्टचा, मऊ लगद्यासारखा. वरचं निवळलेलं नळीनं दुसऱ्या बुधल्यात ओढून घ्यायचं, गाळ तिथंच सोडायचा. असं दोनदा. ओढताना नळीचं सुटं टोक दुसऱ्या बुधल्याच्या तळाला टेकवायचं, वरून धार सोडायची नाही, हवा मिसळते. आणि बुधला गळ्यापर्यंत भरलेला ठेवायचा. मामींनी दोन्ही वेळा नळी धरली, कारण पोराचा हात थरथरतो. इंजिनीयर आहे तो.

"आपल्या सीताफळाची होईल का हो?" मी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. आमच्याकडं बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं इतकी होतात की दसरा-दिवाळीत बांधावर सडतात. पलीकडं बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. तिकडं पालघरकडं बोर्डीत रीतसर परवाना घेऊन चिकूची वाइन करतात, मग सीताफळानं काय पाप केलंय?

मामींनी नाक मुरडलं. सीताफळ नुसतं गोड, आंबटपणा नाही, आणि आंबटपणा हीच वाइनची राखण. आंबट रसात वाईट जंतू टिकत नाहीत. मग लिंबाचं सत्त्व घालावं लागणार. गर काळा पडतो. गरम केला तर कडू होतो, हे आपण बासुंदीत अनुभवलेलं आहे, म्हणून गॅस बंद करून गार झाल्यावर घालतो. बी तर उवा मारायला वापरतात, त्यातली एक जरी भरडली गेली तर? "त्यापरीस गर काढून डीप फ्रीजमधी ठेवा आन् रबडी करा," असा निकाल लागला. तो मला मान्य आहे. परभणीला अन्नतंत्र महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठातलं. कुणाला खरंच धंदा करायचा असेल तर त्यानं आधी तिथं जाऊन बसावं आणि मग परवान्याच्या मागं लागावं. भिंतीवरच्या दोन बायकांचं ऐकून करू नये.

जांभळाचं मात्र मामींनी मला नीट सांगितलं, आणि ते आपल्या कायद्यात बसतं. रस गाळून साखर घालून चांगला तापवायचा, उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरायचा, झाकण लावून बाटल्या गरम पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास उभ्या ठेवायच्या. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर, खदखदतं नको. खाली फडकं अंथरायचं, नाहीतर बूड तडकतं. यीस्ट मरतं आणि सरबत सरबतच राहतं. उघडली की फ्रीजमध्ये. आणि फुगलेली बाटली दिसली तर तोंड दुसरीकडं करून, वर जाड टॉवेल टाकून हळूच सैल करायची. तोंडाजवळ धरून कान लावून बघायचं नाही. मी तेही केलं होतं, हे मामींना सांगितलं नाही.

नोव्हेंबराच्या शेवटी, मामी निघायच्या आधल्या आठवड्यात, बाटल्या भरल्या. तेवीस निघाल्या. बुचाचं यंत्र भाड्यानं आणलं होतं, दांडा दाबला की बूच आत. वरून दोन बोटांपेक्षा कमीच जागा सोडायची. पहिले तीन दिवस बाटल्या उभ्या, बूच फुलून बसावं म्हणून.

"आन् मंग आडव्या."

"आडव्या?"

"आडव्या. बूच आतून भिजलेलं ऱ्हायलं पायजे. वाळलं की आकसतंय, हवा आत शिरती. फिरकीचं झाकण असलं तर उभी चालती."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघून एकदमच हसायला लागलो, इतक्या की हे ओसरीवरून काय झालं म्हणून विचारायला आले. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायका मतदान करतात ना, त्या चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे. आडवी बाटली म्हणजे बंद. आडव्या बाटलीसाठी बायका घरोघर फिरतात, मोर्चे काढतात, नवऱ्यांचा मार खातात. मामींनी आयुष्यात कुठल्या बाटलीकडं ढुंकून पाहिलं नाही, आणि फ्रिमाँटच्या गॅरेजात तेवीस आडव्या केल्या.

"मग चव कशी झाली?"

"मला काय माहीत? गळ्यात माळ हाय बाई. वास बरा येत व्हता, आमसुलासारखा. पोरगं म्हणलं, आताच घशाला धरती, सहा महिन्यांनी मऊ पडंल. पुढल्या उन्हाळ्यात फोडणार."

सोल्यांची वाटी भरली होती. मामी पदर झाडून उठल्या आणि जाताजाता म्हणाल्या, चिठ्ठ्या पण आपणच चिकटवल्या. तेवीसच्या तेवीस बाटल्यांवर फळ, वर्ष आणि भरल्याची तारीख मामींच्या हातची आहे, देवनागरीत, कारण सुनेला मराठी लिहिता येत नाही आणि पोराचं अक्षर वाचता येत नाही.